पट्ट्या

पियानो शिकवते. तुमच्या घरी किंवा माझ्या.
वयाची अट नाही. पहिला तास फुकट.
खाली कात्रीने बारा उभ्या पट्ट्या कापल्या,
प्रत्येकीवर माझा नंबर,
आणि चुघुरेतीतल्या बेकरीशेजारच्या खांबावर
कागद डकवला.

दोन पावलं मागे येऊन पाहिलं
तर बारा दातांचा कंगवा, कुणीच न वापरलेला.
म्हणून एक पट्टी मीच फाडली.
कुणीतरी सुरुवात केलीय असं दिसावं.
ती अजून कोटाच्या खिशात आहे.
कधी वाटतं, लावावा आपणच आपल्याला फोन,
विचारावं, काय हो तेकलेबाई, अनुभव किती?

अनुभव बावीस वर्षांचा, त्यातली सतरा स्टुलावर.
एक डिप्लोमा.
एक स्पर्धा, जिच्यात मी चौथी आले
आणि बक्षिसं तीन होती.

पहिला फोन: किती घेता?
सांगितलं.
तेवढ्यात गणिताची शिकवणी होते, म्हणाली, आणि ठेवला.
दुसऱ्याला त्याचा पियानो विकायचा होता.
तिसरा झाउर ग्विन्जिलिया, वय एकाहत्तर,
माजी ट्रामचालक,
आला तो आलुबुखारच्या आंबट चटणीची बाटली घेऊन.

आमच्या लिफ्टला नाणं टाकावं लागतं.
सातव्या मजल्यावर दार उघडताच म्हणाला,
चालक नाही, कंडक्टर नाही,
तरी तिकीट घेते तुमची ही बया!

बोटं अशी की एक टेकवली तर दोन पट्ट्या दबतात.
पण पाय.
बसल्या बसल्या त्याचा पाय पेडलवर गेला
आणि तिथून हलेना.
सगळे सूर एकमेकांत मिसळून खोलीभर धुकं.
सोडा, मी म्हटलं, ब्रेक नाही हा.
ब्रेक नाही, घंटा, तो म्हणाला.
आमची घंटा पायात असायची.

मग कळलं, त्याला गाणं नको होतं, सराव नको होता.
ट्राम बंद झाली तेव्हा मी पाच वर्षांची होते,
मला आठवतात फक्त डांबराखाली बुजवलेले रूळ,
उन्हाळ्यात जरासे वर येणारे.
त्याला हवा होता त्या घंटेचा सूर.
चार मंगळवार आम्ही शोधला.
पांढरी. नाही. काळी. नाही.
या दोघींच्या मधे, कालबातोनो तेकले,
इथे, या फटीत!
फटीत फक्त धूळ होती
आणि कधीतरी पडलेली सुई.

माझ्या पियानोत एक पट्टी आहे, उजवीकडे वरची.
गेल्या हिवाळ्यात तिची एक तार सैलावली.
मी ती लपवते.
पोरांना देते त्या धड्यांत ती येतच नाही,
शिकवणारीचाच पियानो बेसूर, हे कसं दिसतं?
पाचव्या मंगळवारी त्याचं जाडं बोट चुकून तिच्यावर पडलं.

तो थांबला.
पुन्हा दाबली. पुन्हा.
खिडकीत सुकत टाकलेल्या तेंदूफळांवरून एक माशी उठली.
हीच, म्हणाला.
मग मान हलवली. नाही. जवळजवळ.
पण हिच्यावर माणसं रुळावरून हटली असती.

त्यानंतर तो आला नाही.
फोन केला तर म्हणाला, शिकलो की!

वसंतापर्यंत चार विद्यार्थी झाले.
खांबावरच्या चार पट्ट्या गेल्या,
बाकीच्या पावसाने लगदा केल्या.
साठवलेल्या पैशांतून मी पियानो लावणाऱ्याला बोलावलं.
सगळ्या लावा, म्हटलं, ही राहू द्या.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं कुणी पडका दात जपून ठेवणाऱ्याकडे पाहतं.
पैसे मात्र पूर्ण घेतले.

काल बार्बारे, आठ वर्षांची, स्वर चढत चढत
तिथपर्यंत पोचली
आणि तिने तोंड वाकडं केलं.
ही आंबट आहे.

असू दे, म्हटलं.
जरा बाजूला सरकून बस.